रूळ आणि धक्का यांच्यामधली जमीन

एक न तपासलेले मत

वाढवणच्या नियोजित बंदराविषयी पालघर जिल्ह्यात गेली कित्येक वर्षे जो वाद चालू आहे, त्याचे दोन पक्ष आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. एक पक्ष रोजगार, उद्योग आणि वाढती बाजारपेठ यांकडे बोट दाखवतो. दुसरा मच्छीमारांचे समुद्रक्षेत्र, डहाणूची बागायत आणि १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून जाहीर झालेल्या त्या तालुक्याचा निसर्ग यांची कैफियत मांडतो. त्या वादाचा निवाडा करण्याचा येथे हेतू नाही. मला चिंता वाटते ती एका तिसऱ्याच मताची, जे दोन्ही पक्षांतील सुशिक्षित माणसे न तपासता गृहीत धरून चालतात. ते मत असे की, बंदर झाले आणि मालवाहतुकीचा समर्पित लोहमार्ग त्याला जोडला गेला म्हणजे देशाच्या संरक्षणाची एक बाजू त्याबरोबर आपोआपच भक्कम झाली. उद्या रणगाडे, तोफा, चिलखती गाड्या आणि त्यांचा सरंजाम समुद्रमार्गे पाठवावयाचा वा आणावयाचा झाला, तर गाडी आहे, धक्का आहे, मग अडचण ती कसली?

हे मत उथळ आहे. त्यात देशप्रेमाची उणीव नाही, उणीव आहे ती दळणवळणाच्या स्वरूपाविषयी विचार करण्याची. आणि ज्या वसई-विरारच्या भूमीवरून हे रूळ जातात तेथील नागरिकांनी तरी ते मत तसेच स्वीकारू नये, असे मला कळकळीने वाटते.

प्रतिपाद्य

आगगाडीने बंदरापर्यंत नेऊन सैन्याची वाहने जहाजावर चढवण्याचे सामर्थ्य रुळाच्या लांबीत नसते आणि धक्क्यापाशी असलेल्या पाण्याच्या खोलीतही नसते. ते असते या दोहोंच्या सांध्यात. शेवटची वाघीण जेथे थांबते आणि जहाजाचा उतार जेथे टेकतो त्या दोन बिंदूंमधील जमिनीत, त्या जमिनीवर खर्ची पडणाऱ्या वेळात, आणि त्या वेळेचा हिशेब ठेवणाऱ्या माणसांत. हा सांधा व्यापारी सोयीच्या पोटातून आपसूक जन्मत नाही. उलट आजची व्यापारी सोय जितकी परिपूर्ण होत जाते, तितका हा सांधा अरुंद होत जाण्याचाच संभव अधिक असतो. म्हणून तो शांततेच्या काळात, हेतुपूर्वक आणि जमीन राखून सिद्ध करावा लागतो. हे प्रतिपाद्य मी चार पायऱ्यांनी मांडणार आहे.

पहिली पायरी: ओझ्याचा आकार

कंटेनर आणि रणगाडा यांची जात वेगळी आहे. कंटेनराचे सर्व गुण त्याच्या एकसारखेपणात आहेत: ठरलेली लांबी, ठरलेली रुंदी, चार कोपऱ्यांत ठरलेल्या खोबणी, आणि त्या खोबणींत अडकवून त्याला उचलणारी यारी. त्याला स्वतःची गती नसते. रणगाडा स्वतः चालतो, आणि म्हणूनच त्याला चढण्या-उतरण्यासाठी उतार लागतो, वळण्यासाठी मोकळी जागा लागते, आणि त्याच्या पट्ट्यांखाली चिरडणार नाही अशी फरसबंदी लागते. लष्करी खास गाडी भरताना सपाट वाघिणींची संपूर्ण रांग एका टोकाच्या उतारावाटे भरली जाते. पहिले वाहन एकेका वाघिणीवरून पुढे सरकत थेट शेवटच्या वाघिणीपर्यंत जाते, प्रत्येक चालकापुढे उलटा चालणारा जवान हातांनी इशारे करीत असतो, आणि मग पाचरी ठोकून, साखळ्या ताणून प्रत्येक यंत्र वाघिणीशी जखडले जाते. हे काम यारी करू शकत नाही, आणि ज्या यार्डाच्या रुळाला टोकाचा उतार नाही तेथे ते होऊच शकत नाही.

सामान्य माणसाला वाटते की खरा प्रश्न वजनाचा असेल. तसे नाही. टी-९० रणगाडा सुमारे ४६ टनांचा, आणि वाघिणीच्या चार आसांवर हा भार वाटला गेला म्हणजे आपले नेहमीचे लोहमार्गही तो सहज पेलतात. अडचण रुंदीची आहे. आपल्या जुन्या मार्गांवरील गाडीची नेहमीची कमाल रुंदी ३.२५ मीटर, टी-७२ रणगाडा बाजूच्या पडद्यांसह सुमारे ३.५९ मीटर रुंद, आणि अर्जुन तर ३.८६ मीटर. मर्यादेबाहेरच्या अशा ओझ्याची गाडी निर्बंध पाळत न्यावी लागते. तिचा वेग बांधलेला असतो, शेजारच्या रुळावरील वाहतुकीचा विचार करावा लागतो, फलाटांच्या कडा, सिग्नलांचे खांब आणि पुलांच्या कैच्या आधी तपासाव्या लागतात. दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर या सुमारे १,५०० किलोमीटरांच्या पश्चिम समर्पित मार्गावर ही मर्यादा ३.६६ मीटरांपर्यंत वाढवली आहे. ही गोष्ट खरोखर मोलाची; परंतु त्या मार्गाची कीर्ती गाणारे लेख एकावर एक रचलेल्या दुमजली कंटेनरांच्या उंचीचेच वर्णन करतात. रणगाड्याला उंची नको आहे, त्याला रुंदी हवी आहे, आणि अर्जुनाला तर ही वाढवलेली रुंदीही पुरत नाही.

जून २०२१ मध्ये भारतीय लष्कराने या समर्पित मार्गावर न्यू रेवाडी ते न्यू फुलेरा अशी वाहने आणि सामग्री यांनी भरलेली गाडी चाचणीदाखल नेली. ती चाचणी यशस्वी झाली, आणि तिचा अभिमान बाळगण्यात गैर काही नाही. पण तिने सिद्ध काय केले? हरियाणा-राजस्थानच्या टापूत लष्करी गाडी या रुळांवरून धावू शकते, एवढेच. ती गाडी समुद्रापासून शेकडो कोस दूर होती, आणि माझा प्रश्न तर जेथे रूळ संपतो तेथे सुरू होतो.

दुसरी पायरी: क्रमाचा उलटा हिशेब

सैन्य हलवणे म्हणजे वजन हलवणे अशी समजूत करून घेतली की पुढचा सगळा विचार चुकतो. सैन्याच्या सामग्रीत वजनाइतकाच क्रम महत्त्वाचा असतो. परतीरावर जे प्रथम लागणार ते जहाजात सर्वांत शेवटी चढले पाहिजे. तोफ एका जहाजात, तिचा दारूगोळा दुसऱ्यात आणि तिला ओढणारे वाहन तिसऱ्यात गेले, तर तिन्ही असून नसल्यासारखी होतात.

१९१५ सालची गॅलिपलीची मोहीम याचा धडधडीत दाखला आहे. ब्रिटिश फौजांची जहाजे मायदेशात घाईने भरली गेली, त्यांत तोफखाना, दारूगोळा आणि गाड्या यांची अशी ताटातूट झाली होती की मोहिमेचे सेनापती सर इयन हॅमिल्टन यांना जहाजे मुद्रोसच्या बंदरातून माघारी अलेक्झांड्रियाला पाठवून पुन्हा उतरवून पुन्हा भरावी लागली. त्यात आठवडे गेले. २५ एप्रिलला फौजा किनाऱ्याला लागल्या तेव्हा तुर्कांना तटबंदीसाठी पुरेसा अवधी मिळून चुकला होता. त्या मोहिमेच्या अपयशाला अन्य कारणेही होती हे मान्य. तरीही जहाजे चुकीच्या क्रमाने भरल्याची किंमत शेवटी माणसांच्या प्राणांनी चुकवली गेली, हे नाकारता येत नाही.

आता आगगाडीचा विचार करा. गाड्या ज्या क्रमाने छावणीतून निघतात त्या क्रमाने बंदरात पोहोचत नाहीत. मार्गात एखादी अडकते, एखादी पुढे काढली जाते. आणि पोहोचल्या तरी त्यांचा क्रम जहाजाच्या पोटाला हव्या असलेल्या क्रमाशी जुळेलच असे नाही. हा क्रम जेथे मोडून पुन्हा रचता येतो ती जागा म्हणजे बंदरामागचे यार्ड आणि त्यालगतचे मोकळे मैदान. त्या जागेशिवाय गाडी आणि जहाज यांची गाठ पडणे हा केवळ योगायोग ठरतो.

तिसरी पायरी: जमीन आणि अवकाश

येथे इतिहास अधिक विस्ताराने पाहिला पाहिजे, कारण त्याचा मोठा भाग मुंबईच्या धक्क्यावर घडलेला आहे.

क्रिमियाच्या युद्धात १८५४-५५ च्या हिवाळ्यात ब्रिटिश सैन्य सेव्हास्तपोलपुढे उपासमारीने आणि थंडीने मरत असताना बालाक्लाव्हाच्या बंदरात धान्य आणि कपडे अक्षरशः कुजत पडले होते. बंदर होते, जहाजे होती. बंदरापासून छावणीपर्यंतची सात-आठ मैलांची धड वाट तेवढी नव्हती. इंग्लंडातल्या लोहमार्ग बांधणाऱ्या ठेकेदारांनी फेब्रुवारी १८५५ मध्ये काम सुरू करून सुमारे सात आठवड्यांत रूळ पठारावर नेले, आणि मग तोफगोळ्यांचा पुरवठा सुरळीत झाला. हा बंदर आणि रूळ यांच्या लष्करी सांध्याचा पहिला मोठा धडा होता.

तो धडा मुंबई सरकारने अवघ्या बारा वर्षांनी, १८६७ मध्ये, अर्धवटच गिरवला. अबिसिनियाच्या सम्राटाने कैदेत टाकलेल्या युरोपीयांच्या सुटकेसाठी मुंबई फौजेचे सेनापती सर रॉबर्ट नेपियर यांच्या हुकमतीखाली जी मोहीम निघाली, तिच्यात सुमारे तेरा हजार सैनिक, त्याहून कितीतरी अधिक बुणगे आणि बारगीर, हजारो खेचरे आणि तोफा वाहण्यासाठी चव्वेचाळीस हत्ती होते. मुंबईला त्या काळी मोठे जहाज आत घेणारी बंद गोदी नव्हती; ससून गोदी १८७५ ची, प्रिन्सेस गोदी १८८० ची. लाल समुद्राच्या काठी झुला येथे उतरलेल्या या फौजेसाठी किनाऱ्यापासून डोंगराच्या पायथ्याकडे दहा-बारा मैलांचा लोहमार्ग घालण्याचे ठरले, आणि त्याचे सामान मुंबईहून गेले. पण ते कसे? निरनिराळ्या घडणीचे, वापरून झिजलेले रूळ, त्यांना न जुळणारे खिळे, आणि स्प्रिंगा नसलेल्या वाघिणी. १३ एप्रिल १८६८ रोजी मग्दाला सर झाले तेव्हाही तो मार्ग पायथ्यापर्यंत पूर्ण पोहोचलेला नव्हता. मोहीम यशस्वी झाली म्हणून या गोष्टीचा बोभाटा झाला नाही. यशाच्या उजेडात व्यवस्थेचे दोष सहसा कोणी मोजत नाही.

ते मोजण्याची वेळ पुढे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, आली, आणि तिचे मोल महाराष्ट्राने दिले. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघालेल्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबरमध्ये बसरा पडले. मुंबईच्या बाजूचा सांधा त्या वेळी उत्तम होत चालला होता: अलेक्झांड्रा गोदी १९१४ ची, मुंबई पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १ जानेवारी १९१५ पासून चालू. बसऱ्याच्या बाजूला मात्र समुद्रगामी जहाजाला लागण्याजोगे धक्के नव्हते, बंदरापासून आत जाणारा लोहमार्ग नव्हता, माल लहान होड्यांत उतरवून घ्यावा लागे, आणि नदीतल्या आगबोटी मागणीच्या मानाने अगदी अपुऱ्या. कूत येथे वेढल्या गेलेल्या पुणे डिव्हिजनच्या सुटकेसाठी धाडलेली हजारो माणसे आणि तोफा पुढे नेण्यास साधन नाही म्हणून बसऱ्यातच खोळंबून राहिली. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण गेले, आणि ११० व्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान इतरांसह तुर्कांचे कैदी झाले. त्यांतील पुष्कळांना परत कोकण-देशावरची आपली गावे दिसली नाहीत. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी आयोगाच्या अहवालाने वाहतुकीच्या या दुरवस्थेवर ठपका ठेवला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. कूत पडल्यानंतर बसऱ्यात धक्के बांधले गेले, रूळ पडले. जे १९१४ मध्ये लागत होते ते पुढच्या सेनानींना मिळाले. कूतच्या जवानांना नाही.

समुद्राच्या एकाच वाटेची ही दोन टोके आहेत. एका टोकाला सांधा होता, दुसऱ्याला नव्हता, आणि साखळीची ताकद दुसऱ्या टोकानेच ठरवली.

जमीन राखून ठेवल्याचे चांगले उदाहरणही आपल्याच मुलखात आहे. देवळाली ही छावणी ब्रिटिश फौजांसाठी अशाच थांब्याची जागा होती; मुंबईला उतरलेले सैनिक आगगाडीने घाट चढून तेथे येत, आणि मायदेशी परतणारे जहाजाची पाळी येईपर्यंत तेथेच राहत. गाड्या दिवसागणिक थोड्याथोड्या येतात, जहाज मात्र एकदाच येते आणि सगळे एकदम मागते. या दोन गतींमधील अंतर भरून काढणारी जमीन बंदरापासून दूर, पण रुळाने जोडलेली असावी, हे तेव्हाच्या कारभाऱ्यांना उमगले होते. धक्क्यावरची जागा प्रतीक्षेसाठी वापरणे ही उधळपट्टी आहे, एवढेच नव्हे तर धोकाही आहे.

चौथी पायरी: दारूगोळ्याचे वेगळेपण

तो धोका किती मोठा, हे मुंबईने १४ एप्रिल १९४४ च्या दुपारी अनुभवले. ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज सुमारे १,४०० टन स्फोटके, आणि त्यांच्याच सोबत कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गठड्या घेऊन व्हिक्टोरिया गोदीत उभे होते. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लावावयाचे लाल निशाण त्यावर नव्हते. कापसाने पेट घेतला, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि पाठोपाठ दुसरा. गोदी, गोदामे आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे मेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान कामावर असताना गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळला जातो तो त्यांच्याच स्मृतीने.

दारूगोळा आणि कापूस एका पोटात, आणि ते जहाज दाट वस्तीच्या शहराच्या कुशीत, हा निर्णय युद्धाच्या घाईने घेतला गेला. ज्या वेळी जागा नसते त्या वेळी नियम वाकवले जातात. म्हणून जागा आधी असावी लागते. दारूगोळ्याच्या वाघिणींसाठी वस्तीपासून दूर, स्वतंत्र सायडिंग आणि स्वतंत्र धक्का असणे हा सैन्याचा जितका प्रश्न आहे तितकाच त्या रुळाकाठी झोपणाऱ्या कुटुंबांचा आहे.

वसईचे स्थान

आता आपल्या अंगणाकडे पाहू. पश्चिम रेल्वेचा मुंबईकडून गुजरातकडे जाणारा मार्ग आणि जूचंद्र, कामण, खारबाव, भिवंडीवरून दिव्याकडे जाणारा सुमारे ४२ किलोमीटरांचा जोडमार्ग वसई रोडला एकत्र येतात. पुणे-अहिल्यानगरच्या छावण्यांकडून गुजरात आणि राजस्थानकडे जाणारी एक वाट या सांध्यावरून आहे; उत्तरेकडून जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारा माल जुन्या रुळांवरून याच वाटेने उतरतो. समर्पित मार्गाचाही वैतरणा ते त्या बंदरापर्यंतचा सुमारे १०२ किलोमीटरांचा तुकडा याच परिसरातून जातो, आणि संपूर्ण मार्गात सर्वांत शेवटपर्यंत रेंगाळला तो तोच. दीड हजार किलोमीटरांच्या मार्गाची पूर्तता बंदराजवळच्या शंभर किलोमीटरांवर अडून राहिली, यात माझ्या प्रतिपाद्याचे प्रत्यंतर आहे.

वसईला हा विषय परका नसावा, कारण तिचा इतिहास याच तत्त्वावर घडलेला आहे. चिमाजीअप्पांच्या मोहिमेचे स्मरण करताना आपण मे १७३९ मधील सुरुंग, खिंडार आणि मराठ्यांचे शौर्य यांचे वर्णन करतो, आणि ते करावेच. पण पोर्तुगीजांच्या ताब्यातला वसईचा कोट इतका काळ झुंजला तो भिंतींच्या जाडीने जितका, तितकाच समुद्राशी आणि खाडीशी असलेल्या आपल्या संबंधाने. मराठ्यांनी १७३७ मध्येच साष्टी आणि अर्नाळा घेतले, १७३९ मध्ये खाडीच्या मुखावरील धारावीचा किल्ला घेतला, आणि कोटाला मिळणाऱ्या कुमकेच्या वाटा एकेक करून आवळल्या. किल्ला आणि पाणी यांचा सांधा आधी निखळला, मग बुरूज.

आजच्या वसई-विरारचे सांधे मात्र आपण स्वतःच बुजवीत आहोत. २०११ च्या जनगणनेत या महानगरपालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर होती आणि ती त्यानंतर थांबलेली नाही. विरारची लोकल, डहाणूची लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या दीर्घकाळ त्याच मोजक्या रुळांवर आणि वसईच्या खाडीवरील पुलांवर एकमेकींची वाट अडवीत आल्या आहेत. रुंद ओझ्याची लष्करी गाडी अशा उपनगरी वाहतुकीतून काढावयाची म्हणजे लाखो चाकरमान्यांची वेळ मोडावयाची किंवा त्या गाडीला रात्र होईपर्यंत कुठेतरी उभी करावयाची. आणि उभी करावयाची तर यार्डाची जागा हवी. ती जागा आज मोकळी दिसते म्हणून निरुपयोगी समजली जाते, आणि निरुपयोगी समजलेली प्रत्येक जागा या शहरात इमारतीखाली जाते.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

सर्वांत बळकट आक्षेप असा: मुंबईच्या गोद्या आणि पोर्ट ट्रस्टची रेल्वे व्यापारासाठीच बांधल्या होत्या, तरीही त्यांनी दोन महायुद्धे निभावली; मग वाढवण का निभावणार नाही? याचे उत्तर व्यापाराच्या बदललेल्या स्वरूपात आहे. त्या काळचा व्यापारी माल सुटा होता. गठड्या, पेट्या, गाड्या, जनावरे. त्याला लागणारे हमाल, यारी, शेडी आणि धक्क्यालगतचे रूळ हेच लष्करी मालालाही लागत, म्हणून एकाची सोय दुसऱ्याला चाले. १९५६ मध्ये अमेरिकेत कंटेनरांनी भरलेले पहिले जहाज निघाले, आणि तेव्हापासून हे नाते तुटत गेले. कंटेनरांसाठी उभारलेला धक्का आपल्या कामात अद्वितीय असतो आणि इतर कामाला जवळजवळ निरुपयोगी. वाढवणच्या मंजूर आराखड्यात प्रत्येकी एक हजार मीटर लांबीचे नऊ कंटेनर टर्मिनल आहेत, चार बहुउपयोगी धक्के आहेत, आणि वाहने चालवत चढवण्या-उतरवण्यासाठी रो-रो धक्का एकच आहे. तो आहे हे चांगलेच. पण त्याच्यापाशी रूळ येणार काय, रुळाच्या टोकाला उतार असणार काय, आणि तेथील फरसबंदी साठ टनांचे पट्ट्यांचे वाहन सोसणार काय, हे प्रश्न बांधकामाच्या आधीच विचारावे लागतात. काँक्रीट घट्ट झाल्यावर त्यांना उत्तर नसते.

दुसरा आक्षेप विमानांचा. भारतीय वायुदलाकडे अकरा सी-१७ विमाने आहेत आणि त्यांनी अवजड सामग्री उंच पर्वतांत नेऊन दाखवली आहे. पण अशा विमानात टी-९० च्या वजनाचा रणगाडा एका खेपेस एकच जातो, आणि एका चिलखती रेजिमेंटमध्ये सुमारे ४५ रणगाडे असतात. त्यांच्या दुरुस्तीच्या गाड्या, इंधन आणि गोळे वेगळेच. विमान हा तातडीचा उपाय आहे, पुरवठ्याचा नव्हे. रस्त्यानेही काही वाहने नेता येतील. परंतु मुंबई-अहमदाबाद महामार्गावर घोडबंदरपाशी रोज होणारी कोंडी ज्याने सोसली आहे, त्याला या पर्यायाविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप: भारत परदेशावर स्वारी करणारे राष्ट्र नव्हे, मग समुद्रमार्गे रणगाडे कशाला? पण अंदमान आणि लक्षद्वीप हा आपलाच मुलूख आहे आणि तेथे अवजड सामग्री मोठ्या प्रमाणावर नेण्याचा मार्ग समुद्राचाच. १९८७ मध्ये शांतिसेना श्रीलंकेस गेली आणि तिची शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये समुद्रमार्गे मद्रासला परतली. ती स्वारी नव्हती, तरी जहाजे, धक्का आणि गाड्या लागल्याच. २००४ च्या सुनामीनंतर मदतीचा ओघ गेला तोही असाच. शिवाय बाहेरून विकत घेतलेली अवजड सामग्री आधी बंदरातच उतरते.

चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे. आजचे युद्ध थोड्या दिवसांचे आणि क्षेपणास्त्रांचे. बंदर हे पहिले लक्ष्य असते, आणि डिसेंबर १९७१ मध्ये आपल्याच नौदलाने कराचीच्या तेलसाठ्यांना आग लावून ते सिद्ध केले. मी हे पूर्णपणे मान्य करतो, आणि यातून निघणारा निष्कर्ष माझ्याच बाजूचा आहे असे मानतो. युद्ध थोडक्या दिवसांचे असेल तर क्रिमियासारखे सात आठवडे कोणीही देणार नाही, म्हणून सांधा आधी हवा. आणि एक बंदर लक्ष्य होऊ शकते म्हणून तो सांधा एकापेक्षा अधिक ठिकाणी हवा. एकाच महाबंदरात सर्व शक्ती एकवटण्याचे धोरण याच कारणाने मला शंकास्पद वाटते, आणि वाढवणच्या समर्थकांनी या शंकेला अजून समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

शेवटचा आक्षेप आपल्या शेजाऱ्यांचा आहे: ज्या कोळ्याचे समुद्रक्षेत्र जाते, ज्या शेतकऱ्याची जमीन रुळाखाली जाते, त्याला संरक्षणाच्या नावाने गप्प बसवावयाचे काय? मुळीच नाही. संरक्षणाचे नाव घेऊन लोकांना अंधारात ठेवणे हे संरक्षणाच्याच विरुद्ध आहे. १९४४ मध्ये गोदीकाठच्या वस्तीला जहाजात काय आहे हे ठाऊक नव्हते, आणि त्या अज्ञानाने कोणाचेच रक्षण झाले नाही. ज्या कामासाठी जमीन लागते ते काम काय आहे, किती जमीन लागते, त्यावर काय साठवले जाईल आणि काय मुळीच साठवले जाणार नाही, हे स्थानिकांना सांगितलेच पाहिजे, आणि मोबदला व पुनर्वसन कामाच्या आधी दिले पाहिजे. लष्करी गुप्ततेला वेळापत्रकाचे झाकण पुरेसे आहे. जमिनीच्या वापराला ते घालण्याचे कारण नाही.

मागणी

म्हणून माझे मागणे नेमके आहे. वाढवणच्या रो-रो धक्क्यापर्यंत रूळ न्यावेत आणि त्याच्या टोकाला चढ-उताराची पक्की सोय असावी. वसई ते डहाणू या पट्ट्यात वस्तीपासून दूर, समर्पित मार्गाला जोडलेले आणि इतर वेळी सामान्य मालासाठी वापरता येईल असे एक यार्ड राखावे. दारूगोळ्याची सायडिंग त्यापासून वेगळी असावी. आणि विरार-डहाणू रेल्वेमार्गाच्या चौपदरीकरणात रुंद ओझ्याच्या गाडीचा विचार आताच व्हावा, फलाट बांधून झाल्यावर नव्हे. वर्षातून एकदा छावणीपासून जहाजापर्यंत पूर्ण सराव व्हावा, कारण जो सांधा वापरात नसतो त्याच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हे गरजेच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते.

वसई-विरारच्या वाचकांना एक विनंती. आपल्या शहराच्या विकास आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातील, तेव्हा रेल्वेच्या यार्डालगतची मोकळी जमीन बांधकामासाठी खुली करण्यास लेखी हरकत नोंदवावी, आणि त्या हरकतीत कारण स्पष्ट लिहावे.